टीम शूटरमध्ये नवखे आहात? आधी फुकटचं मरणं थांबवा

पहिल्या काही मॅचमध्ये जवळपास सगळ्यांचं सारखंच होतं. राउंड सुरू होतो, आपण कोपऱ्यावरून डोकावतो, एक आवाज येतो आणि पुढचं मिनिटभर दुसऱ्याच्या स्क्रीनवरून खेळ बघत बसावं लागतं. मग आपण ठरवून टाकतो की आपला नेम वाईट. लगेच सेन्सिटिव्हिटी (माउस हलवला की नजर किती फिरते तो आकडा) बदलली जाते, नव्या माउसच्या किमती बघितल्या जातात, रात्री उशिरा नेम सुधारण्याचे व्हिडिओ सुरू होतात.

नेम कच्चा असतोच, नव्या माणसाचा तो असायचाच. पण मरायचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. गोळी लागण्याच्या दोन-तीन सेकंद आधीच बाजी हातातून गेलेली असते. तुम्ही पळत होता. क्रॉसहेअर, म्हणजे स्क्रीनच्या मधोमध असलेली नेमाची खूण, जमिनीकडे होता. एकाच वेळी तीन ठिकाणांहून दिसत होता. आणि मागून येणारा साथीदार नव्हता. या गोष्टी सुधारायला विजेसारखे हात लागत नाहीत. सवय लागते, आणि ती नेमापेक्षा फार लवकर लागते. म्हणून या लेखात नेमाचा सराव आहे, पण बराच खाली आहे.

उदाहरणं मुख्यतः दोन गेममधली घेतो: २०२० साली आलेला व्हॅलोरंट आणि २०२३ साली आलेला काउंटर-स्ट्राइक २. दोन्ही फुकट खेळता येतात, दोन्हीत पाचास पाच असा सामना, आधी १३ राउंड जिंकेल ती टीम विजयी, आणि राउंडमध्ये मेलात की त्या राउंडपुरते बाहेर. एक टीम ठरलेल्या जागी बॉम्ब लावायला येते (व्हॅलोरंटमध्ये त्याला स्पाइक म्हणतात), दुसरी बचावाला असते: ती तो लावू देत नाही किंवा लागलेला निकामी करते. ओव्हरवॉचसारखे मरून पुन्हा जिवंत होण्याचे गेम खेळत असाल तर त्यांचं वेगळं गणित शेवटाकडे आहे.

मशीन आणि माउस: एकदाच करा, मग विसरून जा

मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे आणि विंडोजमध्ये तो ६० वरच चालतोय, हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त घरांत असतं. डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघून घ्या. ६० हर्ट्झवर नवं चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ वर ६.९ मिलिसेकंदांनी. कोपऱ्यावरून कुणी झपकन बाहेर आलं की हा फरक डोळ्यांना कळतो. ६० चाच मॉनिटर असेल तर नवा घ्यायला धावू नका, या लेखातलं बाकी सगळं त्यावरही जमतं. ग्राफिक्स कमीत कमी ठेवा, व्ही-सिंक बंद करा. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ असा एक चौकोन असतो, तोही बंद करा. काही गेम त्याच्याकडे बघतच नाहीत, पण काही बघतात. जमलं तर वाय-फायऐवजी केबल लावा. पिंग (सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायला लागणारा वेळ) थोडा जास्त पण एकसारखा असेल तर सवय होते, मध्येच उसळणाऱ्या पिंगची होत नाही.

आता सेन्सिटिव्हिटी. नवख्यांची ती बहुतेक वेळा फार जास्त असते, मनगट जरा हललं की कॅमेरा गरकन फिरतो. मोजायची सोपी पद्धत अशी: गेममध्ये एखाद्या खुणेकडे तोंड करून उभे राहा, माउस एका दिशेने सरकवत पूर्ण गिरकी घ्या आणि माउस किती सेंटिमीटर गेला ते पट्टीने मोजा. ३० ते ६० सेंटिमीटरच्या मध्ये कुठेही असाल तर ठीक. दहा-पंधरा येत असेल तर कमी करा. अंदाजासाठी सांगतो, ८०० डीपीआय (माउसचा स्वतःचा वेग) आणि व्हॅलोरंटमध्ये ०.३५ ठेवलं तर गिरकीला साधारण ४७ सेंटिमीटर लागतात. तोच वेग काउंटर-स्ट्राइकमध्ये हवा असेल तर आकड्याला ३.१८ ने गुणायचं, म्हणजे सुमारे १.११. सुरुवातीला हात आखडल्यासारखा वाटेल, माउस मनगटाने नाही तर कोपरापासून हलवावा लागेल. वाटू दे. आणि एकदा ठरवल्यावर महिनाभर त्या आकड्याला हात लावायचा नाही. रोज सेन्सिटिव्हिटी बदलणाऱ्याचा हात कुठलाच वेग शिकत नाही.

हेडफोन साधे चालतील, पण हवेतच. गेममधलं संगीत बंद करा. मिनिमॅप, म्हणजे स्क्रीनवरचा छोटा नकाशा, फिरता न ठेवता स्थिर ठेवा आणि त्यात पूर्ण मॅप दिसेल असं करा. काउंटर-स्ट्राइकमध्ये हा नकाशा, म्हणजे रडार, खेळाडूला मध्यभागी धरून फिरतं, तो पर्याय बंद केला की सगळा मॅप एकदम नजरेत येतो.

थांबा, मग गोळी झाडा

या गेममध्ये पळताना झाडलेली रायफलची गोळी क्रॉसहेअर दाखवतो तिथे जात नाही. ती आजूबाजूला कुठेही जाते, कारण गेमच तसा बनवलेला आहे. त्यामुळे समोरच्याच्या डोक्यावर अगदी बरोबर क्रॉसहेअर ठेवून, पण डावीकडे सरकत सरकत तुम्ही अर्धं मॅगझिन रिकामं केलं आणि तो जिवंत राहिला, तर यात नशिबाचा संबंध नाही.

व्हॅलोरंटमध्ये की सोडली की पात्र पटकन थांबतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये ते थोडं घसरत जातं, म्हणून तिथे उलट्या दिशेची की क्षणभर दाबून थांबवतात: उजवीकडे जात असाल तर डी सोडून ए ला टिचकी. याला काउंटर-स्ट्रेफ म्हणतात आणि तो जमल्याशिवाय काउंटर-स्ट्राइकमध्ये पुढचं काही जमत नाही. काही कीबोर्ड हे काम आपोआप करून देतात, त्या भानगडीत पडू नका. ऑगस्ट २०२४ पासून काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्हच्या अधिकृत सर्व्हरवर असं ऑटोमेशन पकडलं गेलं तर मॅचमधून बाहेर काढतात.

सराव असा करा. रिकाम्या मॅपवर किंवा गेममधल्या सरावाच्या रेंजमध्ये भिंतीवरच्या एका ठिपक्यासमोर उभे राहा. दोन पावलं उजवीकडे, थांबा, एक गोळी. दोन पावलं डावीकडे, थांबा, एक गोळी. गोळीची खूण ठिपक्यावर पडली की थांबणं बरोबर, भलतीकडे पडली की तुम्ही अजून हलत होता. भिंत खोटं बोलत नाही. पाच मिनिटं पुरेत, पण रोज.

किती गोळ्या झाडायच्या? लांबच्या माणसावर एक ते तीन, मग बोट उचला, बंदूक शांत होऊ द्या, पुन्हा. अगदी जवळ असेल तर दाबून धरा आणि माउस हळूहळू खाली ओढत राहा, कारण रायफल सुरुवातीला वर चढते. मधल्या अंतरावर काय करायचं यावर लोक तासन्‌तास भांडतात, तुम्ही सध्या त्यात पडू नका.

क्रॉसहेअर डोक्याच्या उंचीवर

व्हॅलोरंटमधल्या व्हँडल रायफलची डोक्यात लागलेली गोळी १६० डॅमेज करते, अंतर कितीही असो. समोरच्याकडे १०० हेल्थ आणि जास्तीत जास्त ५० चं भारी आर्मर, म्हणजे १५०. एक गोळी डोक्यात, काम संपलं. तीच गोळी अंगावर ४० डॅमेज करते, म्हणजे चार लागतात. काउंटर-स्ट्राइकमधली एके-४७ सुद्धा हेल्मेट घातलेल्याला डोक्यातल्या एका गोळीत पाडते. एवढं माहीत असूनही नवखा माणूस मॅपभर जमिनीकडे बघत फिरतो, आणि कुणी दिसलं की माउस वर उचलतो. त्या उचलण्यातच तो मरतो.

चालताना सतत स्वतःला विचारा: आत्ता या दारातून कुणी आलं तर त्याचं डोकं नेमकं कुठे असेल? क्रॉसहेअर तिथे. दार मागे पडलं की पुढचा कोपरा, तिथे. उंचीचा अंदाज येत नसेल तर टीममेटच्या डोक्याकडे बघा आणि त्या रेषेत भिंतीवर, पेटीवर काय खूण येते ते लक्षात ठेवा. पायऱ्या, उतार, पेट्यांवर चढलेले लोक यांनी गडबड होते, ती मॅपागणिक पाठ होते. याच सवयीमुळे ज्यांचे हात मंद आहेत अशी माणसंही वेगवान वाटतात. समोरचा आपण होऊन त्यांच्या क्रॉसहेअरमध्ये येतो, त्यांनी फक्त बटण दाबायचं असतं.

एक कोपरा, सावकाश

ही गोष्ट नीट बघू, कारण सगळ्यात जास्त मरणं इथेच होतात. समजा तुमच्या उजवीकडे भिंत संपते आणि पलीकडे एक मोकळी जागा आहे. त्या जागेत तीन ठिकाणी कुणी असू शकतं: भिंतीच्या लगेच पलीकडे चिकटून, मधल्या पेटीमागे, आणि लांबच्या टोकाला.

नवखा भिंतीला खेटून जातो आणि एकदम बाहेर पडतो. तिन्ही ठिकाणं एकाच क्षणी उघडी होतात. तो एकाकडे बघतो, दुसरा त्याला मारतो.

त्याऐवजी भिंतीपासून दूर, डावीकडे या. कोपऱ्यापासून जितके लांब उभे राहाल तितका फायदा तुमचा. जो कोपऱ्याला चिकटून असतो त्याचा खांदा आधी बाहेर दिसतो आणि त्याला मात्र अजून तुम्ही दिसत नसता. आता बाजूने एकेक पाऊल सरका. आधी फक्त लांबचं टोक दिसेल. क्रॉसहेअर तिथे, डोक्याच्या उंचीवर. कुणी नाही? आणखी एक पाऊल, आता पेटीची कड दिसते. क्रॉसहेअर तिथे. मग शेवटी भिंतीला चिकटलेली जागा. एका वेळी एकच जागा उघडी होते, त्यामुळे एका वेळी एकालाच तोंड द्यावं लागतं. शिफ्ट दाबून चाललात तर पावलांचा आवाजही जात नाही. पण दर वेळी शिफ्ट दाबून चालू नका, अख्खा राउंड त्यात निघून जातो आणि शेवटी घाईने घुसावं लागतं.

उलट बाजूने तुम्ही कोपरा धरून बसला असाल तर एक अडचण आहे. बाहेर येणाऱ्याला तुम्ही किंचित आधी दिसता, कारण तो हलल्याची बातमी त्याच्या मशीनवरून सर्व्हरकडे आणि तिथून तुमच्याकडे यायला वेळ लागतो. भिंतीआड गेल्यानंतरही आपण मेलो असं वाटतं, त्यामागे बऱ्याचदा हीच भानगड असते. समोरचा चीटर असतोच असं नाही. त्यामुळे एकाच ठिकाणी पुतळ्यासारखं उभं राहू नका. एक मारला किंवा दिसलात की जागा बदला. आणि क्रॉसहेअर कोपऱ्याच्या अगदी कडेला न चिकटवता जरासा बाहेर ठेवा, म्हणजे तो आला की प्रतिक्रिया द्यायला जागा उरते.

पैशांचं गणित, एकदा मांडून

बंदुका विकत घ्याव्या लागतात हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी कळतं. पैसे साठवावेही लागतात हे कळायला फार वेळ जातो. व्हॅलोरंटचं उदाहरण घेऊ. पहिल्या राउंडला हातात ८०० क्रेडिट्स असतात. राउंड जिंकला तर ३,०००, हरला तर १,९००, लागोपाठ दुसरा हरला तर २,४००, तिसऱ्यापासून २,९००. व्हँडल किंवा फँटम रायफल २,९०० ला आणि भारी आर्मर १,००० ला, म्हणजे नीट तयारीला ३,९००, शिवाय एजंटच्या, म्हणजे तुम्ही निवडलेल्या पात्राच्या, खास क्षमता.

समजा पहिला राउंड हरलात आणि हातातले ८०० संपवले होते. दुसऱ्या राउंडला १,९०० आले. राग येऊन १,६०० ची स्पेक्टर ही स्वस्त बंदूक घेतली आणि राउंड हरलात. उरलेले ३०० आणि आलेले २,४०० मिळून २,७००, तिसऱ्या राउंडलाही रायफल नाही. तेच दुसऱ्या राउंडला फारसं काही न घेता काढलं असतं तर १,९०० अधिक २,४००, म्हणजे ४,३००. रायफल, भारी आर्मर आणि वर थोडे.

यातली खरी गंमत टीमची आहे. चौघांनी पैसे वाचवले आणि एकट्याने रायफल घेतली तर ती रायफल बहुतेक समोरच्या टीमच्या हातात जाते. बाकीचे जे करतायत ते करा, त्यांचा निर्णय चुकीचा वाटला तरी. खरेदीच्या स्क्रीनवर पुढच्या राउंडला किमान किती क्रेडिट्स असतील तेही दिसतं, तो आकडा ३,९०० च्या वर ठेवायचा प्रयत्न केला तरी निम्मं काम होतं. काउंटर-स्ट्राइकचे आकडे वेगळे आहेत, विचार हाच. तिथे बचावाला असाल तर ४०० डॉलरचं डिफ्यूज किट, म्हणजे बॉम्ब निकामी करायचं साहित्य, मात्र विसरू नका. का, ते पुढे येईलच.

दोघं मिळून एक माणूस

टीम शूटरमधली सगळ्यात महत्त्वाची कल्पना मला विचाराल तर ट्रेड. तुमचा साथीदार मेला, पण एक-दोन सेकंदांत तुम्ही त्याला मारणाऱ्याला मारलंत, तर हिशोब चारास चार. मारलं नाहीत तर चारास पाच, आणि तिथून राउंड ओढून आणणं अवघड.

ट्रेड होण्यासाठी अंतर लागतं. फार लांब असाल तर पोचेपर्यंत मारणारा आत गेलेला असतो. अगदी पाठीला चिकटून असाल तर एकाच फवाऱ्यात दोघं जाता. दोन-चार पावलं मागे आणि जरा बाजूला राहा, आणि साथीदाराच्या पाठीकडे बघू नका. त्याला कुठून गोळी येऊ शकते तिथे क्रॉसहेअर ठेवा. पुढचा डावीकडे बघत असेल तर तुम्ही उजवीकडे. कुणी ठरवून दिलं नसेल तर तो कुठे बघतोय ते पाहून तुम्ही उरलेली बाजू घ्या.

नवखे असाल तर एकट्याने मागून वळसा घालून जाण्याचा मोह आवरा. व्हिडिओत ते छान दिसतं, कारण फसलेले वळसे कुणी अपलोड करत नाही.

आता बोलणं. माइक नसला तरी मॅपवर खूण करता येते (तिलाही पिंगच म्हणतात), पण माइकवर चार शब्द बोलले की फरक पडतो. काय बोलायचं? किती जण, कुठे, काय दिसलं, किती डॅमेज दिलं. “ए मेनला दोन, सेजला ८० लागलेत, स्पाइक दिसला नाही.” बस. (ए मेन ही मॅपवरची जागा, सेज हा एजंट.) जागांची नावं पाठ नसतील तर स्क्रीनवर तुम्ही उभे असलेल्या जागेचं नाव दिसतं, तेच वाचा. “अरे इथे इथे, मागे मागे!” याचा उपयोग शून्य, कारण तुमचं इथे बाकीच्यांना दिसत नाही. मेल्यावर कुठून मेलात ते सांगा आणि गप्प बसा. शेवटचा माणूस एकटा उरला असेल तर तो पावलांचे आवाज ऐकत असतो, त्या वेळी त्याच्या कानात सल्ले ओतू नका.

आणि कुणी शिवीगाळ करत असेल तर त्याला समजावत बसू नका. म्यूट. त्याची माहिती कधीकधी उपयोगी असते हे खरं, पण तुमचं डोकं शांत राहणं जास्त उपयोगी असतं.

स्पाइक लागल्यावर घड्याळ बघा

व्हॅलोरंटमध्ये स्पाइक लावायला ४ सेकंद लागतात, लावल्यापासून ४५ सेकंदांनी तो फुटतो, आणि निकामी करायला ७ सेकंद लागतात. निकामी करणं अर्ध्यापर्यंत, म्हणजे साडेतीन सेकंद झालं असेल तर ते जमा राहतं. पुढच्या वेळी उरलेले साडेतीनच लागतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये बॉम्ब ४० सेकंदांनी फुटतो, निकामी करायला किटशिवाय १० आणि किटसह ५ सेकंद. त्या ४०० डॉलरनी पाच सेकंद विकत मिळतात, म्हणून वर आग्रह धरला.

हे आकडे डोक्यात असले की खेळ वेगळा दिसतो. स्पाइक लावल्यावर वेळ लावणाऱ्यांच्या बाजूने असतो. समोरच्यांना यायचंच आहे. तरी नवखी टीम काय करते? स्पाइक लावते आणि किल शोधायला बाहेर धावते, एकेक करून मरते, मग समोरचे निवांत निकामी करतात. त्याऐवजी स्पाइक दिसेल अशा आडोशाला थांबा, दोघं वेगवेगळ्या बाजूंना. निकामी करायला हात लागला की आवाज येतो. पहिला आवाज बऱ्याचदा फसवा असतो: तो हात लावतो, सोडतो, आणि तुम्ही डोकावण्याची वाट बघतो. लगेच उडी मारू नका, पण साडेतीन सेकंद त्याला फुकट देऊही नका.

समजा तुम्ही बचावात एकटे उरलात, समोर दोन, आणि स्पाइक लागून २० सेकंद झालेत. उरले २५, त्यातले ७ निकामी करायला. म्हणजे तुमच्या हातात १८ सेकंद आहेत. घाबरून लगेच स्पाइककडे धावणाऱ्याला हे १८ सेकंद असल्याचं माहीत नसतं. यात एकाला शोधून एकट्याला गाठता येतं, मग स्पाइकला हात लावून दुसऱ्याला बाहेर काढता येतं. जिंकालच असं नाही, पण काय करायचं ते तरी ठरवून कराल. आणि १० सेकंद उरलेत, दोघं जिवंत आहेत, तुम्ही मॅपच्या दुसऱ्या टोकाला आहात, तर बंदूक वाचवा आणि पुढच्या राउंडला घेऊन जा.

एजंट एकच, मॅप थोडे

पहिले काही आठवडे एकच पात्र खेळा, फार तर दोन. व्हॅलोरंटमध्ये नव्या खात्यावर मिळणाऱ्यांपैकी ब्रिमस्टोन मला नवख्यांसाठी सगळ्यात योग्य वाटतो. मॅप उघडायचा, जिथे हवे तिथे स्मोक, म्हणजे नजर अडवणारे धुराचे ढग, टाकायचे, झालं. स्मोक साधारण १९ सेकंद टिकतात आणि तुमचा नेम लागो न लागो, टीमला उपयोग होतोच. सेजही चांगली: टीममेटला बरं करते, भिंत उभी करते. जेट या एजंटच्या वाटेला सध्या जाऊ नका. तिच्याकडून सगळ्यांची अपेक्षा पहिल्यांदा आत घुसण्याची असते, आणि तेच तुम्हाला अजून येत नसतं.

क्षमता वापरून मरा. राउंड संपला आणि तुमचे तिन्ही स्मोक शिल्लक, हे पैसे कचऱ्यात टाकण्यासारखं आहे. पण राउंड सुरू होताच सगळं फेकूनही देऊ नका. स्मोक कुणीतरी त्यातून किंवा त्याच्या बाजूने जाणार असेल तेव्हाच टाकायचा असतो. फ्लॅश (समोरच्याला क्षणभर आंधळं करणारी क्षमता) टाकलीत आणि पुढच्या सेकंदाला कुणी बाहेर पडलं नाही, तर समोरच्याने फक्त एक जांभई दिली म्हणायची.

नेमाचा सराव आणि मरणांची यादी

आता नेम. मॅचआधी दहा-पंधरा मिनिटं: थोडी रेंज, मग एखादी डेथमॅच (मेलात की लगेच परत येता, असा सामना). डेथमॅचमध्ये स्कोअरकडे बघू नका, तिथे पहिला आलेल्याला काही मिळत नाही. एक गोष्ट ठरवून खेळा. आज फक्त थांबून गोळी. उद्या फक्त क्रॉसहेअरची उंची. एम लॅब किंवा कोव्हाक्ससारखे सरावाचे प्रोग्रॅमही आहेत, आवड असेल तर वापरा. पण त्यात कोपरे नसतात, पावलांचे आवाज नसतात, पैसे नसतात, म्हणून मॅचला पर्याय समजू नका.

खरी सुधारणा मॅच संपल्यावर होते. ओबीएससारख्या फुकट प्रोग्रॅमने एखादी मॅच रेकॉर्ड करा आणि पूर्ण बघत बसू नका. फक्त स्वतःची मरणं बघा, प्रत्येकाच्या आधीचे दहा सेकंद. प्रत्येक मरणापुढे एक कारण लिहा: पळत होतो, क्रॉसहेअर खाली होता, दोन ठिकाणांहून दिसत होतो, जवळ कुणी नव्हतं, आवाज आला होता पण दुर्लक्ष केलं, तिथे जायचं कारणच नव्हतं. “समोरचा भारी होता” हे कारणही चालेल, पण मॅचमध्ये दोनदाच. तीन-चार मॅचनंतर यादीत एक कारण वारंवार येताना दिसेल. पुढचा आठवडा फक्त त्यावर. बाकीच्या चुका होऊ द्या.

रीलोड हे एक वेगळं कारण लिहून ठेवण्यासारखं आहे. मॅगझिनमध्ये २५ पैकी १७ गोळ्या असताना, समोरचा कोपऱ्यामागे आहे हे माहीत असताना, बोट आपोआप आर वर जातं. यादीत हे पहिल्यांदा सापडलं की हसू येतं, चौथ्यांदा येत नाही.

मरून परत येण्याचे गेम

ओव्हरवॉच आणि टीम फोर्ट्रेस २ मध्ये मेलात तर थोड्या वेळाने परत येता, म्हणून एकट्याचं मरण तितकं महाग नाही. महाग असतं ते एकेक करून मरणं. टीमची लढाई हरली, दोघं जिवंत आहेत आणि ते परत घुसतात. मरतात. तोवर पहिले तिघं परत येतात आणि समोर पाच जण पूर्ण तयारीत. असं मिनिटभर चालतं. नियम साधा: तुमची टीम दोनने कमी असेल तर मागे या, सगळे आल्यावर एकत्र जा.

या गेममध्ये माणूस एका गोळीत सहसा मरत नाही आणि बरं करणारे असतात, त्यामुळे सगळ्यांनी एकावर गोळ्या घालणं हे अचूक नेमापेक्षा जास्त कामाला येतं. कुणावर? जमलं तर बरं करणाऱ्यावर. तुम्हीच मेडिक किंवा सपोर्ट असाल तर तुमचं पहिलं काम जिवंत राहणं: आडोशाजवळ उभे राहा, आणि रिकाम्या मैदानात धावत गेलेल्या टीममेटच्या मागे जाऊ नका. तो मरणारच आहे, दोघांनी मरायची गरज नाही.

रँक्ड कधी

व्हॅलोरंटमध्ये खात्याची लेव्हल २० झाल्याशिवाय रँक्ड, म्हणजे ज्यात तुमचा दर्जा ठरतो ते सामने, उघडतच नाहीत, आणि हे चांगलंच आहे. तोवर स्विफ्टप्ले हा छोटा प्रकार खेळा. आधी पाच राउंड जिंकेल तो विजयी, त्यामुळे मॅच लवकर संपते आणि हरल्याचं दुःखही तेवढंच. दोन-तीन मॅपवरच्या जागांची नावं न अडखळता सांगता येऊ लागली, आणि स्पाइक लागल्यावर आपण कुठे जाऊन थांबायचं हे दर वेळी विचार न करता कळू लागलं, की रँक्ड लावायला हरकत नाही. रँक सुरुवातीला आयर्न किंवा ब्रॉन्झ, म्हणजे अगदी खालची, येईल. तिथे अर्धे लोक पळत गोळ्या झाडत असतात.

रोज दोन-तीन मॅच ठीक. मधे उठा, मनगट मोकळं करा, लांब बघा. लागोपाठ दोन हरलात तर तिसरी रँक्ड लावू नका. राग आलेला माणूस कोपऱ्यावर पाऊल पाऊल सरकत नाही. त्याऐवजी हरलेल्या मॅचमधली मरणं बघून घ्या, यादी तिथे भराभर वाढते.